घरातील बिनतारी जाळे

इंटरनेटची तार ज्या छोट्या पेटीला जोडतात, ती म्हणजे राउटर. रायपूरच्या समता कॉलनीतील एखाद्या घरात तो बसवला, तर त्याच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. शेजारी आणि रस्त्यावरही पोहोचतात.

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचले. तेथील बिनतारी जाळ्याला पासवर्डच नव्हता. ते वापरले परक्याने, चौकशी झाली रहिवाशाची.

राउटर घराच्या मध्यभागी, थोडा उंचावर ठेवावा. त्याच्यावर छापलेला पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाइप केला, की सेटिंगचे पान उघडते. येथे दोन पासवर्ड असतात, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही : एक या पानाचा, दुसरा जाळ्याचा. कारखान्यातून आलेले दोन्ही बदलावेत. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-2 किंवा डब्ल्यूपीए-3 निवडावे. जुनी डब्ल्यूईपी पद्धत संशोधकांनी 2007 मध्येच एका मिनिटाच्या आत फोडून दाखवली होती. नवे पासवर्ड वहीत लिहून ठेवावेत, राउटरवर चिकटवू नयेत.