दस्तरख्वान आणि शेजाऱ्याचा हक्क

पवित्र कुरआनमधील सूरह अल्-अनआमच्या 141 व्या आयतीत अल्लाहने बागा, खजूर, निरनिराळ्या चवींची पिके, जैतून आणि डाळिंब यांचा उल्लेख करून ती फळे खाण्यास सांगितले आहे. त्याच आयतीत कापणीच्या दिवशी त्यांचा हक्क अदा करण्याची आज्ञा आहे आणि उधळपट्टीला मनाई. अन्नाची विविधता आणि इतरांचा वाटा या दोन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

आपल्या अनेक घरांत मात्र गोश्त नसले की मुले भाजी-भाकरीला नावे ठेवतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अन्नाला कधीही नावे ठेवली नाहीत, आवडले तर खात, नावडले तर मुकाट्याने सोडून देत. एका शिंप्याच्या घरी ते रश्शातील भोपळ्याचे तुकडे शोधून खात होते. ते पाहून माननीय अनस (रजि.) यांनाही भोपळा आवडू लागला. म्हणून मुलांवर सक्ती करू नका. स्वतः आवडीने खाऊन दाखवा.

प्रेषितांनी माननीय अबू जर (रजि.) यांना रश्शात पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवण्याचा उपदेश केला. आता विचार करा: तुमचा शेजारी शाकाहारी असेल, किंवा शेजारची वृद्ध आजारी असेल, आणि तुमच्या चुलीवर केवळ मटणच शिजत असेल, तर त्यांचा हक्क कसा अदा होणार? आठवड्यातून एकदा तरी डाळ, पालेभाजी किंवा भोपळा थोडा जास्त शिजवा आणि पहिली वाटी शेजारी पाठवा. त्याने देहाला आरोग्य लाभेल आणि मनाला समाधान.

अल्लाह आपल्या अन्नात बरकत देवो. आमीन.