गिअर पडताच इंजिन टकटकतं, ते का?

प्रश्न : माझ्याकडे एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल गिअरची. मागच्या वर्षी तिचं रीमॅपिंग करून घेतलं. पिकअप चांगलाच वाढला. पण उन्हाळा लागल्यापासून शेगाव रस्त्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकून रेस दिली की क्षणभर टकटक आवाज येतो. बुलढाण्याला जाताना राजूर घाटात तो जास्तच येतो. मोबाइलला जोडलेल्या स्कॅनरवर गिअर बदलताना टायमिंग एकदम पडलेलं दिसतं. इथले मेकॅनिक म्हणतात, पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतंय. इंजिन खराब होतंय का?
— एक वाचक, वरवट बकाल, ता. संग्रामपूर

उत्तर : टायमिंग पडलेलं दिसलं म्हणजे नॉकिंग झालंच, असं धरून चालू नका. गिअर बदलल्यानंतरच्या सेकंदाभरात तीन निरनिराळ्या गोष्टी घडू शकतात आणि तुमच्या स्कॅनरवर तिन्ही जवळपास सारख्याच दिसतात. पहिली निरुपद्रवी आहे, दुसरीचं मूळ ज्वलनात नाहीच, आणि तिसरी पिस्टन फोडू शकते. कोणती आहे हे ठरल्याशिवाय पेट्रोलला, मॅपला किंवा मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही.

आधी निरुपद्रवी गोष्ट. क्लच सुटून गाडी पुन्हा ओढायला लागते तेव्हा झटका बसू नये म्हणून इंजिनाचा संगणक स्वतःहून ठिणगी उशिरा टाकतो. ऑटोमॅटिक गाड्यांत तर प्रत्येक गिअरला हे मुद्दाम केलं जातं. अशा वेळी सगळ्या सिलिंडरचं टायमिंग एकदम आणि सारखंच खाली येतं, लगेच परत वर जातं. त्यामुळे नुसतं टायमिंग पाहून उपयोग नाही. स्कॅनरच्या यादीत प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा ‘नॉक रिटार्ड’ किंवा ‘नॉक करेक्शन’ असा आकडा मिळतो का, ते शोधा. तो शून्य असेल आणि तरी टायमिंग पडत असेल, तर संगणक फक्त झटका मऊ करतोय.

दुसरी शक्यता खोट्या नॉकिंगची. नॉक सेन्सर हा इंजिन ब्लॉकवर बोल्टने आवळलेला, कंपन ऐकणारा पिझो तुकडा असतो. खऱ्या नॉकिंगमध्ये दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळत राहते आणि तिचा सूर सिलिंडरच्या व्यासावरून ठरतो. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या 1.0 टीएसआय इंजिनाचा व्यास 74.5 मिलीमीटर आहे. तिथे हा सूर 7,500 हर्ट्झच्या आसपास येतो. संगणक त्या पट्टीतलाच आवाज ऐकतो, तोही ज्वलनाच्या ठरावीक क्षणी. पण क्लच बसताना इंजिन पुढे-मागे डोलतं. माउंटिंगचं रबर फाटलं असेल, सायलेन्सरचा पाइप तळाला घासत असेल किंवा सेन्सरचाच बोल्ट ढिला असेल, तर त्याचा ठोका या पट्टीतही शिरतो आणि संगणक फसतो. ओळखायची खूण अशी, की हा आवाज सकाळी आणि दुपारी सारखाच येतो, पेट्रोल बदलल्याने कमी होत नाही आणि बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) नसतानाही, कधी स्पीडब्रेकरवरदेखील ऐकू येतो. गाडी लिफ्टवर घेऊन माउंटिंग आणि पाइप बघायला फार वेळ लागत नाही, म्हणून हे काम सगळ्यांत आधी करा.

आता तिसरी. तुम्ही उन्हाळा आणि घाट या दोन गोष्टी लिहिल्यात, त्यावरून मला याच शक्यतेची जास्त काळजी वाटते. ठिणगी पडल्यावर ज्वाला पसरत जाते आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने तापत जातं. ज्वाला पोचण्याआधीच ते आपणहून पेटलं, तर नॉकिंग होतं. गिअर बदलल्यावर त्याला दुहेरी निमित्त मिळतं. दुसऱ्यात 4,500 फेऱ्यांवर असलेलं इंजिन तिसऱ्यात 3,000 वर आलं, की उरलेल्या मिश्रणाला तापायला दीडपट वेळ मिळतो. त्याच वेळी टर्बो मागच्या वेगात फिरतच असतो. तुम्ही पाय दाबलात की बूस्ट झपाट्याने भरतो आणि मॅप घाईने केलेला असेल, तर मागितल्यापेक्षाही वर उसळतो. कंपनीने ठेवलेलं राखीव अंतर रीमॅपिंगमध्ये बरंचसं वापरून झालेलं असतं, त्यामुळे ही उसळी झेलायला काही उरत नाही.

त्यात आपल्याकडचं ऊन. 44 अंशांची हवा दुप्पट दाबाला दाबली, तर कॉम्प्रेसर 70 टक्के कार्यक्षम धरूनही इंटरकूलरच्या आधी ती 140 अंशांच्या घरात जाते. हीच हवा 25 अंशांची असती, तर 120 च्या आत राहिली असती. इंटरकूलरने हा फरक खायचा असतो. तुमच्याकडे कापसाचा तंतू आणि काळ्या मातीची धूळ भरपूर, ती इंटरकूलरच्या आणि रेडिएटरच्या पात्यांत बसते. इंटरकूलर पाण्याने थंड होणारा असेल, तर त्याचा छोटा रेडिएटर आणि पंपही बघा. राजूर घाटात टर्बोवर सतत ताण असतो, तेव्हा आत येणाऱ्या हवेचं तापमान किती चढतं, ते स्कॅनरवर दिसेल.

स्वस्त स्कॅनर एकदम दहा आकडे मागितले तर संथ होतो. फेऱ्या, बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि नॉक करेक्शन, एवढेच घ्या. मोकळा, सरळ रस्ता बघा. गाडी तुम्ही चालवा, मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा, त्याच गिअरमध्ये, तेवढीच रेस. मग एकदा तिसऱ्यात टाकल्यावर पाय हळूहळू दाबून पाहा. हळू दाबल्यावर आवाज गेला, तर बूस्टची उसळी हेच कारण. खऱ्या नॉकिंगमध्ये एका-दोन सिलिंडरचा आकडा झटकन पडतो आणि नंतर पायरी-पायरीने सावकाश वर येतो. टाकी रिकामी होत आल्यावर 95 किंवा त्यावरच्या ऑक्टेनचं पेट्रोल सलग दोनदा भरा. आकडे सुधारले, तर शंका उरत नाही.

इथेनॉलबद्दल मेकॅनिकचं म्हणणं मला पटत नाही. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या आसपास असतो, शिवाय बाष्प होताना तो सिलिंडर थंडही करतो. नॉकिंग तो रोखतो. पण त्यांच्या म्हणण्यात एक धागा खरा असू शकतो. साध्या पेट्रोलला एका भागामागे 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं. रीमॅपिंगनंतर पंप आणि इंजेक्टर आधीच कमाल मर्यादेला टेकले असतील, तर भर बूस्टमध्ये मिश्रण पातळ पडतं. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना मिळणाऱ्या इंधनाचा दाब, मागणीपेक्षा खाली येतो का, हे त्यासाठी तपासायचं.

आवाज टकटक नसून कमी फेऱ्यांवर, समजा 2,000 च्या खाली, एखाद-दुसरा जड ठोका असा येत असेल, तर प्रकरण वेगळं. लहान, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो आणि टायमिंग मागे घेऊन तो थांबत नाही. ऑइलमधल्या कॅल्शियमचा त्यात हात असतो, म्हणून 2018 मध्ये एपीआय एसएन प्लस आणि 2020 मध्ये एसपी हे दर्जे आले. डब्यावर एसपी लिहिलंय का ते बघा, आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर पूर्ण रेस देणं आजच सोडा.

नॉकिंग खरं निघालं, तर नोंदी घेऊन रीमॅपिंग करणाऱ्याकडे जा. मधल्या फेऱ्यांत बूस्ट कमी करून टायमिंग दोन-तीन अंश मागे घेऊन द्यायला सांगा. तो नोंदी न बघताच ‘एवढं चालतंच’ म्हणाला, तर कंपनीचा मूळ मॅप परत टाकून घ्या. तोवर भर दुपारी पूर्ण रेस देऊ नका. नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधला पातळ भाग तुटतो आणि तुटेपर्यंत गाडी उत्तम पळते. म्हणून एकदा तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एखादा इतरांपेक्षा बराच खाली असेल, तर मॅपची चर्चा नंतर, आधी इंजिन उघडावं लागेल.