मोटारसायकलच्या टायरची निगा

ग्रामीण महाराष्ट्रात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ग्रामसेवक, शिक्षक, तलाठी यांचा दिवस तिच्यावरच उजाडतो आणि मावळतो. दुधाच्या किटल्या, खताची पोती, प्रसंगी आजारी माणूसही तिच्यावरूनच तालुक्याला जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली व त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. या सर्व मृत्यूंचे खापर टायरवर फोडता येणार नाही. तथापि टायरची निगा ही गोष्ट पूर्णपणे स्वाराच्या हाती असून तिला खर्चही फारसा येत नाही.

मोटारसायकलचे प्रत्येक चाक रस्त्याला टेकते ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. वळणे, थांबणे, तोल सावरणे ही सारी कामे एवढ्याशा रबरावर चालतात. मात्र गाडीचा भार मुख्यत्वे पेलते ती आतील हवा. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यागणिक दबतात व पुन्हा ताठ होतात. या सततच्या हालचालीने उष्णता निर्माण होते, रबर व आतील धाग्यांचे थर यांची पकड सैल होऊ लागते, आणि एप्रिल-मेच्या तापलेल्या डांबरी रस्त्यावर अशा टायरने दगा दिला तर नवल नाही. उलट, हवा प्रमाणाबाहेर भरल्यास केवळ मधला पट्टा झिजतो आणि लहानशा खड्ड्यातही चाक उसळते.

किती हवा भरावी हे पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नये. त्याचे आकडे गाडीसोबतच्या पुस्तिकेत व बहुधा गाडीवरील पट्टीवरही दिलेले असतात. पुढील व मागील चाकांचा दाब निराळा असतो, आणि मागे दुसरे माणूस बसणार असल्यास मागील चाकात अधिक हवा लागते. आठवडाभर शाळेत एकटे जाणारे गुरुजी रविवारी सहकुटुंब निघतात. चाकातील हवा मात्र सोमवारचीच असते!

दाब मोजावा तो चाक थंड असताना, शक्यतो सकाळी गाडी काढण्यापूर्वी. धावून आलेल्या चाकातील हवा तापून दाब काही पौंडांनी वाढलेला असतो. तो पाहून हवा सोडून देणे ही नेहमीची चूक होय, कारण चाक निवल्यावर दाब आवश्यकतेपेक्षा खाली येतो. टायरला लाथ मारून किंवा अंगठ्याने दाबून हवेचा अंदाज घेण्याची रीतही भरवशाची नाही. ट्यूबलेस टायरच्या बाबतीत तर ती फसवीच ठरते. बाभळीचा काटा रुतला तर ट्यूब असलेले चाक बहुधा लवकर बसते व स्वार सावध होतो, पण ट्यूबलेस टायरमधून हवा अनेक दिवस हळूहळू झिरपत राहते. दाब मोजण्याचे छोटे साधन फारसे महाग नसते. ग्रामपंचायत कार्यालयात असे एक साधन व पायाने चालणारा पंप ठेवल्यास गावातील अनेकांची सोय होईल.

टायरवरील खाचा शोभेसाठी नसतात. रस्त्यावरील पाणी त्यांतून बाजूला फेकले जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये दुचाकीच्या टायरवरील खाचांची किमान खोली ०.८ मिलिमीटर ठरविण्यात आली आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायरची वरची पातळी त्यांना भिडली की टायर बदलण्याची वेळ आली असे समजावे. ही पाहणी मृगापूर्वीच उरकावी, कारण पहिल्या पावसात रस्त्यावरील धूळ व तेल यांचा निसरडा थर तयार होतो आणि गुळगुळीत टायर त्यावर ठरत नाही.

खाचा शाबूत असूनही टायर जुना असू शकतो. त्याच्या बाजूवर उत्पादनाचे चार अंक असतात. ‘३२२३’ म्हणजे २०२३ सालातील बत्तिसावा आठवडा. फार दिवस उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरवर बारीक भेगा दिसू लागल्यास खाचांच्या खोलीवर विसंबून चालत नाही. टायरच्या बाजूला चीर गेली असेल तर तिला ठिगळ लावून घेऊ नये. नवा टायर घेताना ट्यूबही नवी घालावी, आणि टायरवर बाण असल्यास तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे याची खात्री दुकानातच करून घ्यावी. नव्या रबराचा पृष्ठभाग प्रथम काहीसा निसरडा असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी बेतानेच चालवावी.