पुस्तक हरवले की सापडत नाही?



सत्र संपत आले की वर्गाच्या कपाटातील पुस्तकांची मोजदाद करायची असते. यंदा ते काम मोठ्या गटाने करायचे आहे, म्हणून या अंकातील पाठ मोजदादीचाच घेतला आहे. काम शिकता शिकता त्याला लागणारे मराठीही शिकू या.

मोजदाद कशासाठी?

पुस्तके हरवू नयेत म्हणून केलेला एक जुना उपाय इंग्लंडमध्येच पाहायला मिळतो. हेरिफर्डच्या कॅथीड्रलमध्ये १६११ सालची साखळ्यांची लायब्ररी आहे. प्रत्येक पुस्तकाला साखळी आणि साखळीचे दुसरे टोक कपाटाच्या दांडीला! साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला जोडलेली असल्यामुळे पुस्तकांच्या पानांची बाजू बाहेर येते. अशी पुस्तके हरवत नाहीत, पण ती घरीही नेता येत नाहीत.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरासाठी असते, हे त्यांतील पहिले. वापरायचे म्हटले की पुस्तक घरोघर हिंडणार, आणि हिंडणारे पुस्तक कधीतरी हरवणार. भारत सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनीही हे मान्य केले आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ पुस्तके हरवली, तर ते नुकसान वाजवी धरतात. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. दुर्मिळ पुस्तक किंवा १००० रुपयांहून महाग पुस्तक गेले, तर चौकशी करावीच लागते. त्याच नियमांप्रमाणे २०,००० पर्यंत पुस्तके असतील तर दरवर्षी सगळी मोजायची असतात. आपले तर एकच कपाट आहे!

तेव्हा मोजदाद चोर पकडण्यासाठी नसते. आपल्याकडे काय आहे, काय नाही आणि जे नाही ते कुठे असेल, हे कळण्यासाठी असते.

मोजदाद कशी करावी?

१. पुस्तक आले की ते आधी दाखल नोंदवहीत लिहितात. तिथे त्याला मिळालेला क्रमांक म्हणजे दाखल क्रमांक. तो पुस्तकाच्या नावाच्या पानामागे लिहितात. पुष्कळ ग्रंथालये आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात. पहिले पान फाटले तरी पुस्तक ओळखू येते.

२. मोजदादीच्या दिवशी देवघेव बंद ठेवावी. मोजता मोजता पुस्तके आत-बाहेर गेली की हिशेब चुकतो.

३. एका कागदावर सगळे दाखल क्रमांक ओळीने लिहावेत. एकाने कपाटातील पुस्तक हातात घेऊन क्रमांक वाचावा, दुसऱ्याने तो कागदावर खोडावा. मोठ्या ग्रंथालयांत हे काम बारकोड वाचणारे यंत्र करते, पण रीत हीच.

४. मग घरी नेलेल्या आणि दुरुस्तीला दिलेल्या पुस्तकांचे क्रमांक खोडावेत. उरलेले क्रमांक न सापडलेल्या पुस्तकांचे.

उदाहरण : समजा, नोंदवहीत २०० पुस्तके आहेत. कपाटात १७१ मिळाली, १८ घरी नेलेली आहेत, ४ दुरुस्तीला आहेत. १७१ + १८ + ४ = १९३. म्हणजे ७ पुस्तके सापडत नाहीत.

५. ही सात पुस्तके लगेच 'हरवली' असे लिहू नये. आधी शोधावे. पातळ पुस्तक जाड पुस्तकात अडकते, कपाटाच्या मागे पडते, नाहीतर भलत्याच कप्प्यात जाते.

६. उलट प्रकारही होतो. पुस्तक परत आलेले असते, पण वहीत ते कुणाच्या तरी नावावरच राहते. मग ज्याने वेळेवर परत केले, त्यालाच आपण विचारत बसतो! म्हणून कुणालाही विचारण्याआधी त्याच्या नावावरचे पुस्तक कपाटात आहे का, ते पाहावे.

कसे बोलावे?

पुढील वाक्ये नीट वाचा.

पुस्तक सापडत नाही. (शोध अजून चालू आहे.)
पुस्तक हरवले. (कुणाकडून, ते सांगितलेले नाही.)
माझ्याकडून पुस्तक हरवले. (मुद्दाम नाही, पण जबाबदारी माझी.)
तू पुस्तक हरवलेस. (सरळ दोष दिला.)
पुस्तक गहाळ झाले. (कागदोपत्री भाषा.)
पुस्तक चोरीला गेले. (हा आरोप आहे. खात्री असल्याशिवाय लिहू नये.)

'माझ्याकडून' हा शब्द लक्षात ठेवा. नकळत झालेली गोष्ट मराठीत अशी सांगता येते. तिच्यात सबब नाही आणि भांडणही नाही.

विचारताना मित्राला म्हणावे, "अरे, ते पुस्तक तुझ्याकडे राहिलंय का, जरा बघशील?" मोठ्यांना म्हणावे, "काकू, आमचं एक पुस्तक तुमच्याकडे राहिलं आहे का, बघाल का जरा?" पुस्तक बहुधा घरातच असते. धाकट्या भावंडाच्या खेळण्यांत, गाडीच्या मागच्या सीटखाली किंवा घरच्या पुस्तकांत मिसळलेले.

शेवटी नाहीच मिळाले तर?

दुसरी प्रत मिळाली तर ती द्यावी. इथे मराठी पुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, आणि जुन्या बालपुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतातच असे नाही. अशा वेळी त्याच वयाच्या मुलांना वाचता येईल असे दुसरे पुस्तक दिले तरी चालावे. जबर दंड लावला की पुस्तक परत येत नाही, मूल मात्र यायचे थांबते. लाजेने कुणी कपाटाकडे फिरकेनासे झाले, तर पुस्तकही गेले आणि वाचकही गेला. पुस्तक पुन्हा मागवता येईल. वाचक कुठून मागवणार?

पुढच्या मोजदादीपर्यंत वाट पाहावी. तेव्हाही पुस्तक मिळाले नाही, तर जबाबदार व्यक्तीच्या संमतीने ते निर्लेखित करावे. नोंदवहीत लाल रेघ ओढून तारीख आणि कारण लिहावे. पान फाडू नये आणि तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देऊ नये. पुस्तक उद्या सापडले, तर त्याची जागा त्याला परत मिळाली पाहिजे.

शब्दार्थ

मोजदाद – मोजून केलेली पडताळणी
दाखल करणे – नोंद करून आत घेणे
देवघेव – देणे आणि घेणे
गहाळ – हरवलेले, जागेवर नसलेले
निर्लेखित करणे – नोंदीतून रीतसर कमी करणे
दुर्मिळ – सहज न मिळणारे

स्वाध्याय

१. नोंदवहीत १५० पुस्तके आहेत. कपाटात १२६ मिळाली. वहीप्रमाणे १७ घरी नेलेली आहेत, पण त्यांतील २ कपाटातच होती. दुरुस्तीला ३ आहेत. किती पुस्तके सापडत नाहीत?

२. 'माझ्याकडून' वापरून तीन वाक्ये लिहा. (वही, पेला, किल्ली)

३. पुस्तक परत मागणारी चार ओळींची चिठ्ठी एका काकांना लिहा. त्यांना वाईट वाटेल असा शब्द नको.

४. आज घरी गेल्यावर पलंगाखाली वाकून पाहा. काय सापडले, ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा!