मोबाईलच्या कॅलेंडरकडे काय मागायचं?

ताईंनो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो, गटाची बैठक लिहितो. पण कुणाचा हप्ता थकला, कुणाला दवाखान्यात कशासाठी जायचं आहे, हे तिथं लिहीत नाही. येणारा-जाणारा वाचतो हे आपल्याला माहीत असतं. मोबाईलमध्ये वाचणारा दिसत नाही, एवढाच फरक.

तारखांवरून पुष्कळ कळतं. बचतीचे पैसे घेऊन कोणती ताई कोणत्या दिवशी शेलूबाजारला बँकेत जाणार, हेसुद्धा. म्हणून कॅलेंडरचं अॅप घेतलं की ते कशाकशाची परवानगी मागतं ते आधी पाहा. आठवण देण्यासाठी सूचनेची परवानगी लागते, ती द्या. फोनमधले सगळे नंबर आणि फोटो त्याला कशाला पाहिजेत? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असंच एक उदाहरण दिलं आहे: फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणारं अॅप नंबरांची यादी मागतं, पण सल्ल्यासाठी ती यादी लागतच नाही. कर्जाच्या अॅपना तर रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच नंबरांची यादी, फोटो-फाईली आणि कॉलच्या नोंदींपासून दूर राहायला सांगितलं आहे.

काही कॅलेंडरांत नोंदी कुलूपबंद राहतात. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीचं कॅलेंडर तसं आहे. आपल्या गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते ना, तसंच समजा. पेटी कंपनीकडे, किल्ली आपल्याकडे. कंपनीलाही आतली नोंद वाचता येत नाही. पण मग पासवर्ड हरवला तर जुन्या नोंदी कंपनीलाही उघडून देता येत नाहीत. अशी अॅप परत मिळवण्यासाठी वेगळे शब्द देतात, ते कागदावर लिहून जपून ठेवा. फोनच्या कव्हरात नको!

अजून अडचणी राहतातच. फोन घरात तिघं-चौघं वापरतात. रेंज जाते. एकादशी-पौर्णिमा पाहून बैठक ठरते, ती तिथी सगळ्याच अॅपना ठाऊक असते असं नाही. मग मागायचं. प्ले स्टोअरवर अॅपच्या पानावर बनवणाऱ्याचा ई-मेल दिलेला असतो, तिथं मराठीत लिहिलं तरी चालतं. मात्र “अॅप चांगलं करा” एवढं लिहून काही होत नाही. काम कुठं अडतं ते सांगा आणि एका वेळी एकच मागा. उदाहरणार्थ:

“आमचा फोन घरात चौघं वापरतात. हप्त्याची आठवण आली की फोन बंद असतानाही रक्कम वर दिसते. तिथं फक्त ‘आठवण’ एवढंच दिसावं, बाकीचं पिन टाकल्यावर.”

वाचणाऱ्याला यातून अडचण आणि उपाय दोन्ही कळतात. (हीच सोय बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये, लॉक स्क्रीनच्या सूचनांखाली, आधीच असते. आधी तिथं पाहा.)

दुसरी मागणी मला फार गरजेची वाटते. बैठकीची तारीख सगळ्या सदस्यांना दिसावी, पण हप्त्याची नोंद फक्त अध्यक्ष, सचिव आणि त्या ताईला. आपण लेखी नोंदवहीत हे सांभाळतो, तर अॅपला का जमू नये?

प्ले स्टोअरवर अभिप्राय लिहिला तर तो सगळ्या जगाला दिसतो, आपल्या खात्याच्या नावासकट. त्यात गटाचं नाव, सदस्याचं नाव, खाते क्रमांक काही टाकू नका. स्क्रीनचा फोटो ई-मेलनं पाठवायचा झाला तर आधी एखादी खोटी नोंद करून तिचाच पाठवा.