चुनखडीच्या डोंगरावरचे रानआले



आले सर्वांना माहीत आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात आल्याची शेती पुष्कळ होते. अक्षय तृतीयेच्या सुमारास बेणे लावतात. बेण्यावर डोळे असतात. जिथे डोळा तिथे कोंब. पुष्कळ जण आल्याला मूळ म्हणतात, पण ते मूळ नाही. ते जमिनीत आडवे वाढणारे खोड आहे. मुळाला असे डोळे आणि खवले नसतात. आणि वर जो हिरवा दांडा दिसतो तो खरा दांडा नाही. केळीसारखी पानांचीच सोपटे एकावर एक गुंडाळलेली असतात. म्हणजे वरचे खोडही खोटे आणि खालचे मूळही खोटे! अशी आल्याची गंमत आहे.

हळद, आंबेहळद, वेलदोडा, सोनटक्का ही सगळी आल्याची भावंडं. या कुळात दीड हजारांहून जास्त जाती आहेत. कास आणि महाबळेश्वरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर पावसाळ्यात चवर फुलते, तीसुद्धा याच कुळातली. शेतात लावतात ते आले मात्र रानात आपोआप उगवलेले कुठेच सापडत नाही. माणसानं बेण्यावरून बेणे करीत ते जपले. पण त्याचे रानातले भाऊबंद जंगलांत अजून नवे नवे सापडत आहेत. त्यांतल्या एकाची माहिती मी देणार आहे.

पृथ्वीच्या गोलावर भारताच्या आग्नेयेला बोर्निओ नावाचे मोठे बेट आहे. विषुववृत्त त्याच्यावरूनच जाते. तिथे वर्षभर पाऊस पडतो. या बेटाचा सारवाक हा भाग मलेशिया देशात आहे. सारवाकमध्ये चुनखडीच्या दगडाचे डोंगर आहेत. मुलू या ठिकाणी तर जंगलातून वर आलेले दगडाचे टोकदार सुळके ४५ मीटर उंच आहेत. म्हणजे दोन माड एकावर एक उभे केले तर जेमतेम पुरतील.

चुनखडीचा दगड कसा झाला? फार फार वर्षांपूर्वी समुद्रात शिंपले, पोवळी असे जीव होते. ते मेल्यावर त्यांची कवचे तळाशी साचली, दाबली गेली आणि त्यांचा दगड झाला. आजीच्या पानाच्या डब्यातला चुनासुद्धा असा दगड भट्टीत भाजून करतात. हे सांगितल्यावर आजी म्हणाली, “म्हंजे मी इतकी वर्षं शिंपलं खात हुते व्हय रं!”

आपल्या डोंगरांचा काळा दगड निराळा. तो ज्वालामुखीच्या रसाचा झाला. दोन्ही ओळखायची युक्ती गुरुजींनी दाखवली. काळ्या दगडावर लिंबू पिळले तर काही होत नाही. काळ्या रानात सापडणाऱ्या पांढऱ्या चुनखडीच्या खड्यावर पिळले तर बारीक बुडबुडे येतात. पावसाच्या पाण्यातही थोडासा आंबटपणा असतो. म्हणून चुनखडीचा डोंगर पावसानं हळूहळू विरघळतो. त्यात फटी, भोके आणि गुहा होतात. पाणी फटींतून खाली निघून जाते, वर थांबत नाही. माती फार थोडी, ती पण फटीतच. म्हणजे एवढा पाऊस पडूनही झाडाला जपूनच राहावे लागते! अशा जागी राहायला जी झाडं शिकली, त्यांतली काही दुसरीकडे सापडतच नाहीत. दोन डोंगरांच्या मध्ये साधी जमीन असते, ती त्यांना समुद्रासारखीच. ओलांडता येत नाही.

सारवाकच्या अशाच चुनखडीवर आल्याच्या कुळातली एक छोटी वनस्पती मिळाली. पौलसेन आणि सर्ल या दोन शास्त्रज्ञांनी २००५ साली तिचे वर्णन छापले आणि नाव ठेवले स्कॅफोक्लॅमिस कॅल्सिकोला. नाव म्हणताना जीभ अडखळते, पण अर्थ सोपा आहे. कॅल्सिकोला म्हणजे चुनखडीवर राहणारी. पहिला शब्द ग्रीक भाषेतला आहे. त्यात एक शब्द होडीचा आणि एक अंगावरच्या शालीचा. म्हणजे पहिले आडनाव आणि मग नाव, असे समजा. या आडनावाच्या बाकीच्या वनस्पतीही जंगलात जमिनीलगतच वाढतात.

आता मला सर्वात आवडलेली गोष्ट. नवी वनस्पती सापडली असे नुसते ओरडून चालत नाही. पान, फूल, कंद असा नमुना जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवतात. कुठे मिळाली, कोणत्या तारखेला, कोणी काढली हे चिठ्ठीवर लिहितात. मग मोठ्या संग्रहालयांत शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे वाळलेले नमुने असतात, त्यांच्याशी ताडून पाहतात. पान, फूल, केस, सारे मोजतात. एक नमुना मूळ नमुना म्हणून कायमचा जपून ठेवतात. पुढे कुणाला शंका आली तर तोच काढून बघायचा. वर्णन २०११ सालापर्यंत लॅटिन भाषेतच द्यावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

आल्याच्या कुळात एक मोठी अडचण आहे. त्यातली पुष्कळ फुले एकच दिवस टिकतात, आणि इतकी नाजूक असतात की दाबली की त्यांचा चिखल होतो. ओळख तर फुलावरूनच पटते! या फुलात ओठासारखी मोठी रंगीत पाकळी दिसते. ती पाकळी नव्हेच, पुंकेसरांचीच पाकळी झालेली आहे. खरा पुंकेसर एकच उरतो. त्याच्या दोन परागपिशव्यांच्या मधल्या खाचेतून स्त्रीकेसराचा बारीक दोरा जातो. हे सारे वाळल्यावर दिसत नाही, म्हणून फूल बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवतात. त्या एका दिवशी तिथे कुणी नसले, तर वनस्पती बिननावाचीच राहते.

आणि बिननावाची राहणे धोक्याचे आहे. चुनखडीपासून सिमेंट होते. मलेशियात पहांग भागात बुकित पांचिंग नावाचा डोंगर होता. बुकित म्हणजेच टेकडी. त्या एकाच डोंगरावर तांदळाच्या दाण्याहून लहान अशी एक गोगलगाय राहत असे. चुनखडीसाठी डोंगर फोडला, गोगलगाय गेली. २०१४ साली तिचे नाव जगातून नाहीशा झालेल्या जिवांच्या यादीत लिहिले. तिला नाव होते म्हणून निदान ती गेली हे कळले तरी. सिमेंट नको असे कोण म्हणेल? ओढ्यावरचा पूल सिमेंटचाच आहे. पण कोणता डोंगर फोडायचा हे ठरवण्याआधी त्यावर कोण कोण राहते याची यादी पाहिजे, असे मला वाटते. आणि यादीत लिहायला नाव तर पाहिजे ना!

या कागदाच्या खाली सोनटक्क्याचे वाळलेले फूल चिकटवले आहे. ते तपकिरी पडले आहे. शेजारी त्याच फुलाचे ताजे असताना काढलेले चित्र आहे. फुलातला ओठ आणि स्त्रीकेसराचा दोरा कुठे आहे ते आधी फुलात शोधा, मग चित्रात. टेबलावर दोन दगड आणि अर्धे लिंबूही ठेवले आहे. पालकांनी पिळून पाहायला हरकत नाही.