परसातले पाणी : उपसण्याआधी ते कुठून येते ते पाहा

पावसाळ्यात वस्तीतील बऱ्याच घरांमागे पाणी साचते. कुठे मोरीचे सांडपाणी सोडलेला खड्डा असतो, तर कुठे हौसेने केलेले कमळाचे लहान तळे. उन्हाळ्यात नीट असलेले हे तळे श्रावणात काठोकाठ भरते, हिरवे पडते, त्यावर डास घोंघावतात. दिवसभर बादल्यांनी उपसले तरी सकाळी पुन्हा तेवढेच. आपण म्हणतो, पाऊसच फार झाला. पण कारण जमिनीखाली असू शकते.

जमिनीखाली काय घडते?

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण पाषाण. पाषाणात पाणी फार मुरत नाही. म्हणून पावसाचे पाणी त्यावर साचत वर चढते. सखल वस्तीत, नाल्याकाठी ते दोन-तीन फुटांवर येऊन ठेपते. आपला खड्डा त्याहून खोल असेल, तर तो विहिरीसारखा भरतो. तेवढाच खड्डा उपसणे म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या जमिनीचे पाणी उपसणे.

पारख अशी करा

पाऊस नसलेल्या दिवशी तळ्यापासून पाच-सहा फुटांवर दोन-अडीच फूट खोल खड्डा खणा. लेकरे पडू नयेत म्हणून वर फळी ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात आपोआप पाणी आले, तर ते भूजल समजा. खड्डा कोरडा राहिला, तर पाणी वरून किंवा मोरीतून येते. कोरड्या खड्ड्यात दोनदा पाणी भरून पाहा. दुसऱ्या वेळचे पाणी काही तासांत जिरले तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशीही निम्मे उरले, तर ती चिकण किंवा काळी माती आहे.

भूजल असेल तर

तळ्यात प्लॅस्टिक अंथरून किंवा सिमेंट लावून प्रश्न सुटत नाही. तळे रिकामे केले की खालच्या पाण्याच्या दाबाने प्लॅस्टिक फुगून वर येते आणि पातळ सिमेंटला तडे जातात. आम्ही सुचवतो की असा खड्डा मुरूम टाकून, चोपून बुजवावा आणि कमळ जमिनीवर ठेवलेल्या टाकीत लावावे. घराच्या चढाकडील बाजूला दगडगोट्यांनी भरलेली उथळ चर काढावी. तिचा उतार गटाराकडे ठेवावा, शेजाऱ्याच्या भिंतीकडे नव्हे.

सांडपाणी असेल तर

जमीन पाणी जिरवत असेल तर शोषखड्डा करा. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा पुरतो. तळाशी मोठे दगड, वर लहान दगड आणि शेवटी झाकण. मोरीचे पाणी आधी जाळीतून किंवा लहान टाकीतून न्या, म्हणजे गाळ व खरकटे खड्ड्यात जाणार नाही. विहीर किंवा हातपंपापासून तो निदान ५० फूट दूर असावा. भर पावसाळ्यातही तळाखाली पाच-सहा फूट पाणी लागत नसेल, तरच तो करावा. नाहीतर सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळेल. अशा ठिकाणी केळी, कर्दळ, अळूच्या वाफ्यात पाणी फिरवणे बरे. संडासाचे पाणी मात्र वाफ्यात किंवा या खड्ड्यात कधीही सोडू नका.

डास आणि ताप

डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. टाक्या, पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून आतून घासा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हत्तीरोग पसरवणारा डास घाण डबक्यात वाढतो. कमळाच्या टाकीत गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. माशांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

अंगदुखीसह जोराचा ताप आला तर दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. हातपंपाच्या पाण्याला वास आला किंवा ते गढूळ झाले, तर दुसरे पाणी वापरा. आरोग्य सेवकांना सांगून पाण्याचा नमुना तपासून घ्या. दुसरे पाणी नसेल तर ते गाळून, चांगले उकळून प्या.

एकट्या घराचे काम नाही

घराच्या हद्दीतले पाणी आपण सांभाळू. गटार तुंबले असेल तर ती ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जबाबदारी आहे. दहा घरांनी मिळून लेखी अर्ज द्या, कोणते गटार कुठे तुंबले ते लिहा आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. आणि तोवर परसातल्या प्रत्येक खड्ड्याला कुंपण किंवा झाकण हवेच. रांगत्या लेकराला बुडायला बादलीभर पाणीही पुरते.